सब्लिमेशन: काळा रंग चॉकलेटी येतोय, ६० जर्सी अडकल्यात, मदत करा

कृष्णाकाठचा · सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागात आमचं छोटं दुकान आहे, मूळचं झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं. गेल्या दिवाळीत ३८ बाय ३८ सेंटीमीटरचा हीटप्रेस (कागदावरची छपाई उष्णतेने आणि दाबाने कापडावर उतरवणारं यंत्र) घेतला. प्रिंटर एप्सनचा, चार टाक्यांचा, त्यात पहिल्या दिवसापासून सब्लिमेशनचीच शाई आहे (तापली की वाफ होऊन कागदावरून कापडात शिरते ती). उशीचे अभ्रे, वाढदिवसाचे फोटो यात आजवर कधी तक्रार आली नाही.

आता नवरात्रातल्या कबड्डी स्पर्धेची ऑर्डर आली आहे. १२ जणांचे ५ संघ, म्हणजे ६० जर्सी, पुढच्या रविवारी सकाळी द्यायच्या. तयार पांढऱ्या जर्सी आणल्या. छातीवर मंडळाचा शिक्का (काळा आणि भगवा), पाठीवर नाव आणि नंबर. आज १८ काढल्या आणि डोकं धरून बसलोय.

काळा रंग चॉकलेटी येतोय. गंमत म्हणजे सगळीकडे नाही. एका जर्सीवर नंबर १० आहे, त्यातला १ चॉकलेटी आणि शून्य काळंभोर! शिवाय पाठीवर कागदाच्या कडेचा चकचकीत चौकोन उमटतो. दोन जर्सींवर नावाला सावली आली, चष्मा काढून पाहिल्यासारखी. आणि तीन-चार जर्सी सरळ फिक्या, धुऊन धुऊन विटल्यासारख्या. सेटिंग सगळ्यांना एकच: २०० अंश, ४५ सेकंद, दाब हाताला जड लागेल एवढा.

शाई बदलू की कागद? की प्रिंटरच गेलाय?

---

डीटीएफ_झिंदाबाद · सोमवार, रात्री ११:२५

सब्लिमेशन सोडा, डीटीएफ करा, म्हणजे फिल्मवर छापून तो थर कापडावर चिकटवा. काळ्या कापडावरही चालतं, कॉटनवरही चालतं. विषय संपला.

---

पिवळी_हळद · सोमवार, रात्री ११:४०

मी नवीन आहे, वाचत बसते. एक बाळबोध प्रश्न: कागदावर छापून आलेले रंग इतके मळके दिसतात, ते बरोबर असतं का? मी दोन कागद टाकून दिले आज.

---

संगममाहुली · मंगळवार, सकाळी ६:५०

हळदताई, कागद टाकू नका! तो मळकाच दिसतो. काळा राखाडी दिसतो, लाल विटकरी. रंग उघडतो तो कापडावर, उष्णता लागल्यावर. कागद बघून निर्णय घ्यायचाच नाही. आणि आरसा-प्रतिमा करून छापलंत ना? पहिल्याच महिन्यात मी एका बारशाच्या ऑर्डरची आठ बाळांची नावं उलटी छापली होती.

कृष्णाकाठचा दादा, मी साताऱ्याची. टोप्या, अभ्रे आणि धावणाऱ्यांचे टी-शर्ट करते. इथे दरवर्षी हिल मॅरेथॉनच्या आधी गट-गट करून मंडळी येतात, त्यामुळे अशा घाईची मला सवय आहे. तुमच्याच लिहिण्यात उत्तर आहे: एकाच नंबरातला १ चॉकलेटी आणि ० काळा. शाई तीच, कागद तोच, जर्सी तीच, वेळही तीच. मग बिघाड शाईत किंवा प्रिंटरमध्ये कसा असेल? प्लेटवरची जागा तेवढी वेगळी होती. १ कुठल्या बाजूला येत होता ते आठवून सांगा.

---

कृष्णाकाठचा · मंगळवार, सकाळी ९:३०

ताई, हे सुचलंच नव्हतं. १ प्रेसच्या मागच्या डाव्या कोपऱ्याकडे. बाकीच्या जर्सी आत्ता काढून पाहिल्या, सगळ्यांचा चॉकलेटी भाग त्याच कोपऱ्यातला आहे.

एका ग्रुपवर एकाने सांगितलं, काळा चॉकलेटी झाला म्हणजे जास्त भाजलं, वेळ कमी करा. दुसऱ्याने सांगितलं, कमी भाजलं, वेळ वाढवा. आता कुणाचं ऐकू?

---

निवृत्त_रंगारी · मंगळवार, दुपारी १:१५

कुणाचंच नको. कापडाला विचारा.

इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसमध्ये माझी ३१ वर्षं रंगखात्यात गेली. आता मिरजेत घरी असतो. हीटप्रेस माझ्या आयुष्यात उशिरा आला, नातवामुळे. पण त्यातला रंग माझ्या जुन्या ओळखीचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या शाईत डिस्पर्स जातीचे रंग असतात. ते पाण्यात विरघळत नाहीत, बारीक कण होऊन तरंगतात. आरतीचा कापूर डबीत उघडा राहिला तर तो वितळून सांडत नाही, हवेत नाहीसा होतो. शाळेत त्याला संप्लवन म्हणायचे. प्रेसखाली तेच होतं. साधारण १८० ते २१० अंशांच्या टप्प्यात कागदावरचा रंग थेट वाफ होतो. त्याच वेळी पॉलिएस्टरचा धागा आतून सैल झालेला असतो. हा धागा ७०-८० अंशांपासूनच ढिला पडू लागतो आणि २५० च्या पुढे वितळतो. रंगाची वाफ त्या सैल धाग्यात शिरते, थंड झाल्यावर आत अडकते. म्हणून बोट फिरवलं तर छपाई हाताला लागत नाही, आणि म्हणूनच ती तडकत नाही.

आम्ही हेच काम पाण्यात करायचो. बंद जेट मशीनमध्ये दाबाखाली पाणी १३० अंशांवर नेऊन. दुसरी पद्धत कोरडी होती, थर्मोसोल. कापडाला रंग पाजायचा, वाळवायचं आणि २०० अंशांच्या आसपास मिनिटभर भाजायचं. तुमचा हीटप्रेस म्हणजे त्या थर्मोसोलचा धाकटा भाऊ. आकडे बघा, जवळपास तेच आहेत.

आता काळ्याबद्दल. डिस्पर्समधला काळा बहुतेक वेळा एकटा नसतो. निळा, नारिंगी, लाल असे रंग मिसळून तो बनतो. सगळे एका वेगाने उडत नाहीत, एका वेगाने धाग्यातही शिरत नाहीत. भट्टी चुकली की तोल जातो आणि काळ्यातून कुणीतरी डोकं वर काढतं. कुठल्या बाजूला चुकली की कोण वर येतं, हे त्या-त्या शाईच्या मिश्रणावर आहे. म्हणून तुमचे दोन्ही सल्लागार आपापल्या दुकानात खरे असतील.

तुम्ही असं करा. वाया गेलेली एक जर्सी घ्या. काळ्या रंगाचे बोटभर चौकोन छापा. प्लेटच्या मध्यावर एकेक चौकोन ३०, ४०, ५०, ६०, ७५ सेकंद दाबा आणि जर्सीवरच पेनने सेकंद लिहा. मग योग्य वेळ ठरवून तोच चौकोन प्लेटच्या नऊ जागी एकाच दाबात ठेवा: चार कोपरे, चार कडा, एक मध्य. दिवसाच्या उजेडात पाहा, ट्यूबलाइटखाली नको. अर्ध्या तासाचं काम आहे.

---

मागवाला_विटा · मंगळवार, दुपारी २:००

काका लई भारी सांगितलं. कापूर तर एक नंबर.

आमच्याकडं माग हायती, कॉटनचं कापड. माझा एक भाबडा सवाल. विट्यात माग, इचलकरंजीत माग, सगळा मुलूख कापडाचा. मग ह्या सब्लिमेशनवाल्यांना कापड बाहेरनं का आणावं लागतं? आमच्या कापडावर छापा की.

---

निवृत्त_रंगारी · मंगळवार, दुपारी २:४०

भाऊ, तुमचं कापड सोन्यासारखं आहे, पण हा रंग त्याच्या घरी राहत नाही. कापसाच्या धाग्यात त्याला धरून ठेवेल असं काही नाही. दाबल्यावर वरवर डाग दिसतो, दोन धुण्यांत जातो. वरून पॉलिमरचा फवारा मारून छापणारे आहेत, पण ते फवाऱ्यावर छापतात, कापडावर नाही. फवारा सुटला की रंगही सुटला.

पॉलिएस्टर आणि कॉटनच्या मिश्रणात जेवढं पॉलिएस्टर तेवढाच रंग टिकतो. त्यातून विटका, जुनाट भास येतो. काहींना तो मुद्दाम हवा असतो. कबड्डीच्या जर्सीला नको.

कृष्णाकाठचा, हे वाचून काही आठवलं का? तुमच्या "फिक्या" जर्सी?

---

कृष्णाकाठचा · मंगळवार, सायंकाळी ७:२०

काका, मीही तोच विचार केला. फिक्या जर्सीचा धागा काढून काडीने जाळला. वितळून काळा मणी झाला. म्हणजे पॉलिएस्टरच ना?

---

निवृत्त_रंगारी · मंगळवार, सायंकाळी ७:३५

धागा कुठून काढलात?

---

कृष्णाकाठचा · मंगळवार, सायंकाळी ७:३८

खालच्या दुमडीची शिलाई उसवून.

---

निवृत्त_रंगारी · मंगळवार, सायंकाळी ७:४५

मग तुम्ही शिलाईचा दोरा जाळलात. तो बहुतेक वेळा पॉलिएस्टरचाच असतो, कापड काहीही असो. दुमडीच्या आतून कापडाचीच बारीक चिंधी कापा. चिमट्यात धरून जाळा, बोटात नको. नुसतं पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि कडक मणी उरतो. कापूस असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि बोटांत चुरडणारी राख राहते. मिश्रणात दोन्ही दिसतं, राखेत खडे.

---

कृष्णाकाठचा · मंगळवार, रात्री ८:३०

राखेत खडे. आणि वास शाळेतल्या वह्या जाळल्याचा.

आता सगळ्या मोजल्या. सगळ्यात मोठ्या मापाच्या १४ जर्सी वेगळ्या गठ्ठ्यातून आल्यात, हाताला जरा मऊ लागतात. बाकी ४६ खणखणीत पॉलिएस्टर आहेत. व्यापाऱ्याला फोन केला, म्हणतो "दिसायला सारख्याच आहेत की." दिसायला सारख्या आहेत हे मलाही मान्य आहे.

---

डीटीएफ_झिंदाबाद · मंगळवार, रात्री ९:०५

म्हणून सांगत होतो. डीटीएफला कापडाची जात विचारावी लागत नाही.

---

संगममाहुली · मंगळवार, रात्री ९:४०

झिंदाबाद दादा, मीही डीटीएफ करते, काळ्या टी-शर्टवर दुसरा उपाय नाही. सब्लिमेशनच्या शाईत पांढरा रंगच नसतो आणि बाकीचे पारदर्शक, त्यामुळे गडद कापडावर काहीच दिसत नाही. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं लागतं. गणपतीत निम्मी मंडळं काळा टी-शर्ट मागतात आणि "तेवढं फक्त छापून द्या" म्हणतात!

पण कबड्डीची जर्सी म्हणजे सात जण मिळून ओढणार. डीटीएफचा थर कापडावर बसलेला असतो. पाठीवर एवढा मोठा नंबर आणि नाव म्हणजे घामात प्लास्टिकचा पाटा बांधल्यासारखं होतं, आणि ताणून-ताणून कडा उचलतात. दुसरं, मी एकदा लाल पॉलिएस्टरवर पांढरी अक्षरं डीटीएफने लावली. संध्याकाळी पांढरी, तिसऱ्या दिवशी गुलाबी. काका, हे का झालं ते तेव्हा कळलं नव्हतं.

---

निवृत्त_रंगारी · मंगळवार, रात्री १०:१०

तोच कापूर, ताई. ते लाल कापडही डिस्पर्स रंगानेच रंगवलेलं. तुम्ही वरून १५०-१६० अंशांचा प्रेस मारलात, आतला लाल रंग जागा झाला आणि वरच्या पांढऱ्या थरात चढला. धाग्यात शिरलेला रंग कायमचा कैदी नसतो, पुरेशी उष्णता दिली की परत निघतो. म्हणून सब्लिमेशनच्या जर्सीला कडक इस्त्री फिरवू नये, हेही गिऱ्हाइकाला सांगा. इस्त्रीच्या चादरीवर नंबर उमटलेला मी पाहिला आहे. नातवाचा पराक्रम.

---

मागवाला_विटा · मंगळवार, रात्री १०:३०

चादरीवर नंबर 😂😂 आता ती चादर बी संघात घ्या.

---

कृष्णाकाठचा · बुधवार, सकाळी ११:५०

चाचणी केली. मध्यावर ३० सेकंदांना काळा चॉकलेटी, ४० ला बरा, ५० आणि ६० ला सुरेख, ७५ ला काळा आहे पण चौकोनाच्या कडा फुगल्या. म्हणजे माझ्या शाईत कमी भाजलं की चॉकलेटी येतं. आजपासून ५५ सेकंद.

नऊ जागांच्या चाचणीत आठ चौकोन काळे, मागचा डावा चॉकलेटी. शेजारच्या हॉटेलवाल्याची तापमानाची बंदूक आणली: मध्यावर २०१, उजवा कोपरा १९५, मागचा डावा १८४. प्लेटच मरतुकडी निघाली.

---

निवृत्त_रंगारी · बुधवार, दुपारी १२:३०

थांबा, एवढ्यात प्लेटला मारू नका. ती बंदूक चकचकीत धातूवर चुकीचं दाखवते. प्लेटवर काळा लेप असेल तर आकडा बराचसा खरा, उघडं ॲल्युमिनियम असेल तर कोपऱ्याला तापमान दाखवणारी पट्टी चिकटवून बघा. १७ अंशांचा फरक असेलही. पण आधी दाब तपासा. कागदाच्या चार पट्ट्या चार कोपऱ्यांवर ठेवून प्रेस थंड असताना बंद करा आणि ओढून बघा.

---

कृष्णाकाठचा · बुधवार, दुपारी १:४०

काका, तुम्ही मिरजेतून माझा प्रेस बघताय का? तीन पट्ट्या हलत नाहीत. मागची डावी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. खालची रबराची शीट उचलली तर त्या बाजूला ती दबून पापड झाली आहे. वाढदिवसाचे फोटो छापताना मी सगळं काम त्याच कोपऱ्यात रेटायचो, आता लक्षात आलं.

लेप काळाच आहे, म्हणजे उष्णताही थोडी कमी आहे. पण मोठा दोष रबराचा.

---

संगममाहुली · बुधवार, दुपारी २:१५

शीट नवी मिळते, प्रेस बदलायची गरज नाही. तोवर जर्सी प्लेटच्या मध्यावर घ्या आणि तो कोपरा वापरूच नका. नाव आणि नंबर दोन दाबांत करा, वेळ लागला तरी चालेल.

आता चौकोन आणि सावली.

चौकोन: पॉलिएस्टर गरम असताना मऊ असतं, कागदाची कड त्यात रुतते आणि तिथे इस्त्रीची चकाकी येते. मी तीन गोष्टी करते. कागदाच्या कडा कात्रीने न कापता हाताने फाडते, म्हणजे कड विरळ होते. जर्सीच्या आत छपाईएवढाच फोमचा तुकडा टेफ्लॉनमध्ये गुंडाळून सरकवते, म्हणजे कागदाची कड फोमच्या बाहेर राहते आणि तिथे दाब बसत नाही. आणि दाब कमी करते. तुमचा "हाताला जड" जरा जास्तच आहे. बहुतेक तो कोपरा भरून निघावा म्हणून तुम्ही आवळत गेलात. फोममुळे आणखी एक होतं: गळ्याची जाड पट्टी आणि खांद्याच्या शिवणी प्लेटला वर उचलत नाहीत. शिवणीच्या शेजारी अक्षरं धूसर येतात ती त्यामुळेच.

जो चौकोन आधीच पडलाय त्यावर वाफेची इस्त्री अधांतरी धरा, टेकवू नका. बराचसा जातो.

सावली: प्रेस उघडताना हवेने कागद उचलला जातो आणि केसभर सरकून परत बसतो. कागद अजून गरम असतो, रंग अजून उडत असतो, की दुसरा ठसा तयार. उष्णता सोसणारी टेप दोन टोकांना लावा, प्रेस हिसका न देता उघडा आणि कागद गरम असतानाच एका ओढीत सोडवा. सोलायला बसू नका.

---

पिवळी_हळद · बुधवार, दुपारी ३:००

ताई, माझ्या अभ्र्यांवर बारीक निळे ठिपके येतात, मुंगीच्या पायाएवढे. कितीही झटकलं तरी.

---

संगममाहुली · बुधवार, दुपारी ३:२०

तंतू. हवेतला रंगीत कापडाचा केसासारखा तंतू पांढऱ्या कापडावर पडतो, प्रेसखाली त्याचाही रंग उडतो. झटकून जात नाही, चिकट रोलर फिरवा, दर वेळी. आणि प्रेस करताना निळी साडी नेसू नका (मी गंमत करत नाहीये).

---

मागवाला_विटा · बुधवार, दुपारी ४:१०

एक आमच्या अनुभवाचं सांगतो, छपाईचं न्हाई, विजेचं. संध्याकाळी सगळे माग चालू असले की आमच्याकडं व्होल्टेज पडतंय. तुमचा प्रेस १८०० वॅटचा आसंल तर तो २३० व्होल्टला १८०० देतोय. २०० व्होल्टला किती देईल? लोक म्हणतात जरा कमी. जरा न्हाई, वर्गाच्या हिशोबानं कमी. १३६० च्या आसपास. चौथाई ताकद गेली बगा.

---

कृष्णाकाठचा · बुधवार, दुपारी ४:३०

पण प्रेसवर तर २०० च दाखवतो संध्याकाळीही.

---

मागवाला_विटा · बुधवार, दुपारी ४:४५

दाखवंल की. आकडा गाठंल, पण उशिरा. एक थंड जर्सी दाबली की प्लेट उतरती, परत चढायला येळ लागतो. तुमी घाईत लगेच दुसरी टाकता. काटा मधल्या जागेचं सांगतो, कडा अजून वर आलेल्या नसतात. दोन जर्सींच्या मधी अर्धा मिनिट थांबा. आन् प्रेस बारीक वायरीच्या एक्स्टेन्शनवर लावला आसंल तर आत्ताच्या आत्ता काढा. सव्वासात-आठ अँपिअर वढतंय ते. जाड पिनेचा पॉवर पॉइंट पाहिजे.

---

कृष्णाकाठचा · बुधवार, दुपारी ४:५०

काढला. (होता.)

---

निवृत्त_रंगारी · बुधवार, सायंकाळी ६:००

विटेकर, तुम्ही प्रोसेस हाऊसला यायला हवं होतं.

ओलाव्याचं कुणीच बोललं नाही. कृष्णाकाठचा, कागद कुठे ठेवता?

---

कृष्णाकाठचा · बुधवार, सायंकाळी ६:२०

माळ्यावर. २०१९ च्या पुरात खालच्या कपाटातलं सगळं गेलं, झेरॉक्स मशीनसकट. तेव्हापासून गावभागात कुणी कागद खाली ठेवत नाही. पॅक फोडलेलाच आहे, वर पत्रा आहे.

---

निवृत्त_रंगारी · बुधवार, सायंकाळी ६:४०

पुरातून वाचला, दमटपणातून नाही. पावसाळ्यात उघडा कागद हवेतलं पाणी पितो. प्रेसखाली त्या पाण्याची वाफ होते आणि रंगाची वाफ नेईल तिकडे नेते. त्यातून डाग, पसरट कडा, ढगाळ रंग. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. छापलेला कागद लगेच दाबू नका, पाच-दहा मिनिटं सुकू द्या. आणि जर्सी कागद ठेवण्याआधी नुसतीच ५ ते १० सेकंद दाबून घ्या: ओल जाते, सुरकुती जाते, आणि कापड आक्रसायचं तेवढं आधीच आक्रसतं.

वर-खाली साधा कोरा कागद किंवा बटर पेपर ठेवता ना? रंग कापडाच्या पलीकडेही जातो. खालच्या शीटवर बसलेला रंग पुढच्या जर्सीच्या मागून उमटतो. तो कागद दर जर्सीला नवा, कंजूषपणा नको. खिडकीही उघडी ठेवा, तो धूर दिवसभर छातीत घेण्यासारखा नसतो.

---

डीटीएफ_झिंदाबाद · बुधवार, रात्री ९:१५

बरं, इतकं चाललंय तर मीही विचारतो. मी सब्लिमेशन करून सोडलं ते भगव्यामुळे. स्क्रीनवर झकास भगवा, कापडावर कधी विटकरी, कधी लाल. मंडळवाले अंगावर आले होते. त्याचं काय?

---

संगममाहुली · बुधवार, रात्री ९:५०

अहो मग हे आधी सांगायचं! भगव्याने सगळ्यांनाच रडवलंय.

शाईबरोबर तिचा रंगनकाशा मिळतो, आयसीसी प्रोफाइल. तो बसवा. फोटोशॉपमधून तो लावलात तर प्रिंटरच्या खिडकीतली रंगदुरुस्ती बंद करा. दोन्ही चालू राहिल्या की दुरुस्तीवर दुरुस्ती होते आणि भगवा लाल होतो. मी वर्षभर तेच करत होते.

त्यानंतरही स्क्रीनवर विश्वास नाही. मी भगव्याच्या २४ छटा एका कागदावर छापून त्याच जर्सीच्या कापडावर दाबल्या, प्रत्येकीखाली तिचे आकडे लिहिले. ते फडकं दुकानात टांगलंय. मंडळवाले आले की म्हणते, बोट ठेवा. ज्यावर बोट, तीच छटा. त्यानंतर अंगावर कुणी आलं नाही. कापडाचा पोत बदलला की नवं फडकं करावं लागतं, एवढंच.

---

डीटीएफ_झिंदाबाद · बुधवार, रात्री १०:०५

बोट ठेवा. हे आवडलं. प्रिंटर अजून माळ्यावर आहे माझा.

---

मागवाला_विटा · बुधवार, रात्री १०:०७

माळ्यावर न्हाई ठेवायचं म्हणाले ना काका 😄

---

संगममाहुली · बुधवार, रात्री १०:२०

आणि तो सुरू केलात तर आधी नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रं) तपासा, इतके दिवस बंद प्रिंटर म्हणजे शाई सुकलेलीच. चालू असतो तेव्हा मी रोज सकाळी चहाआधी एक तपासणीचा कागद काढते.

---

कृष्णाकाठचा · शनिवार, रात्री १२:४०

आत्ता शेवटची जर्सी निघाली. हकीकत सांगतो.

व्यापाऱ्याने बरीच रडारड करून १४ बदलून दिल्या, पण नवा गठ्ठा शुक्रवारी दुपारी आला. या वेळी घेतानाच चिंधी जाळून पाहिली, त्याच्या दारातच. तो फार खूश नव्हता.

रबराची शीट गुरुवारी मिळाली. ५५ सेकंद, २०० अंश, दाब आधीपेक्षा पाऊण, आत फोम, फाडलेल्या कडा, दोन टेप, मध्ये अर्धा मिनिट. माझा भाऊ मोबाइलवर वेळ लावून बसला होता. रात्री दहानंतर सगळं उत्तम आलं, विटेकरांचं व्होल्टेज तेव्हा चढतं.

आधीच्या १८ पैकी ४ तर त्या मऊ गठ्ठ्यातल्याच होत्या, त्या बदलीत गेल्या. ५ तशाच चालल्या. २ चॉकलेटी होत्या, त्यांवर तोच नंबर परत बसवून दाबायचा प्रयत्न केला. एक जमली, दुसरीवर दोन नंबर दिसतात. बाकी ७ पैकी ३ चा चौकोन वाफेने गेला. उरलेल्या ५ नव्या आणल्या.

एक कबुली. काल रात्री अडीच वाजता एका कर्णधाराचं नाव उलटं छापलं.

---

संगममाहुली · रविवार, सकाळी ६:३०

😂 आता तुम्ही आमच्यातले झालात. ती जर्सी कुठाय?

---

कृष्णाकाठचा · रविवार, रात्री ९:१०

माझ्या अंगात. काका, तुमच्या नातवाला एक मागतो का विचारा, मागे दोन नंबर आहेत ती अजून शिल्लक आहे.